सुईची साक्ष

माघातल्या पहाटेचे धुके घोणसगडाच्या तटाला अजून बिलगून होते, खाली नदीच्या वाकणात मोगली फौजेच्या राहुट्या नुकत्या कुठे दिसू लागल्या होत्या, बालेकिल्ल्यावरचे निशाण दवाने ओले होऊन काठीला चिकटले होते. आणि दोन महिन्यांच्या वेढ्यात सारा गड उठल्या उठल्या शत्रूच्या छावणीकडे पाहत असे; गडवैद्य दादंभट मात्र छावणीकडे पाठ करून आपल्या ओसरीच्या पायरीवर उभे होते. त्यांची नजर गडाच्या पश्चिम टोकाला लागली होती. तिथे, वेताळटोकावर, एक गवताने शाकारलेली झोपडी होती. थोड्या वेळाने तिच्यातून धुराची रेघ वर चढली. म्हणजे सुभानजीराव आजही जिवंत होते.

दादंभटांनी निःश्वास सोडला आणि ते आत वळले. चार महिने झाले, त्यांचा दिवस त्या धुरापासून सुरू होत होता.

सुभानजीराव चोरघे हे घोणसगडाचे किल्लेदार. आता तसे म्हणायची सोय उरली नव्हती. कार्तिकात त्यांना महारोग झाल्याचा निवाडा झाला आणि महारोग्याच्या कमरेला गडाच्या किल्ल्या राहू नयेत या जुन्या शिरस्त्याप्रमाणे त्या काढून सरनौबत अंतोजीच्या हाती गेल्या. वेताळटोकाच्या अलीकडे चुन्याची एक रेघ ओढली गेली. रेघेवरच्या धोंड्यावर जेवण ठेवायचे, ठेवणाऱ्याने मागे सरायचे, मग त्यांनी येऊन उचलायचे. तो निवाडा दादंभटांनी दिला होता. आणि तो खोटा होता.

ओसरीवर सटवाजी गोलंदाज येऊन बसला होता. उत्तर बुरुजावरच्या मोठ्या तोफेचा हा माणूस, आवाज तोफेसारखाच. पण आज घोंगडी गळ्यापर्यंत ओढून तो चोरासारखा बसला होता.

"काय रे, हिव भरलं की काय?"

"न्हाई जी." सटवाजीने इकडे तिकडे पाहिले आणि हळूच घोंगडी बाजूला केली. कमरेला, धोतराच्या गाठीखाली, रुपयाएवढी दोन गोल चकंदळे होती. "वैद्यबुवा, खरं सांगा. मला बी त्येच झालंया का? किल्लेदारांवानी?"

दादंभटांनी त्याला उजेडात वळवले. कडा लाल, उंच, बारीक पुळ्यांची. मधला भाग निवळत चाललेला, वर पिठूळ कोंडा.

"खाज?"

"घाम आला की जीव जातो."

"धोतर कुणाचं नेसतोस?"

सटवाजी ओशाळला. "वेढ्यात कुठलं आपलं न् परक्याचं? धुतलेलं गावलं की नेसायचं."

"हा नायटा आहे, गड्या. बाहेर पसरतो, आत बरा होत येतो, म्हणून असा कड्यासारखा दिसतो. टाकळ्याचं बी आंबट ताकात वाटून देतो, ते दोन वेळा लाव. अंग कोरडं ठेव, आणि दुसऱ्याचं धोतर नेसलास तर माझ्या पायरीवर येऊ नकोस. आठवडाभरापूर्वी का नाही आलास?"

"भ्यालो हुतो," सटवाजी म्हणाला. "समदीच भ्यात्यात. कुणाच्या छातीवर शिबं आल्यात, कुणाला गजकर्ण, कुणाच्या टाळूत खवडा. पर दावायचं कुनाला? तुमी सुई काडली तर? मी तर बोंबललो असतो, बुवा. किल्लेदारांची गोष्ट येगळी. तुमी गडावर याच्या आदी त्येंच्या खांद्यातली गोळी काडली तवा अंतोजीनीच त्येंना धरलं हुतं. तापलेली सळई आत गेली, तरी गड्यानं हूं की चूं केलं न्हाई. अंतोजी समद्या गडाला सांगत फिरत, ह्यो मानूस न्हाई, पत्थर हाय म्हनून."

टाकळ्याचे बी वाटता वाटता दादंभटांचा हात खलातच थांबला.

त्यांना कार्तिकातली ती सदर जशीच्या तशी आठवली. सुभानजीरावांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर जाड लाल चट्टे आले होते, त्यांवर पांढरा पापुद्रा धरला होता. पहिली चूक तिथेच झाली. दादंभटांनी ते गजकर्णच समजून गंधक चोळायला दिला, खसखसून घासायला सांगितले. आणि घासले तिथे तिथे चट्टे वाढत गेले. मग गडावर कुजबुज सुरू झाली. ती कोणी सुरू केली हे विचारायचे त्या वेळी कोणाला सुचले नाही. आणि एके दिवशी भरल्या सदरेत अंतोजी हात जोडून उभा राहिला, "धनी, शिबंदी घाबरली आहे. वैद्यबुवांनी सर्वांसमक्ष सुई टोचून पाहावं. महारोगाच्या चट्ट्याला सुई कळत नाही म्हणतात. लोकांच्या मनातलं किल्मिष एकदाचं जावं," असे अगदी आर्जवाने म्हणाला.

गुरूने शिकवले होते ते वेगळे. आधी चट्टा नखाने हलकेच खरवडून पाहा, मग रोग्याचे डोळे बांध, पिसाने स्पर्श कर आणि विचार, कुठे लागले? सुई सगळ्यांत शेवटी. आणि तीही एकांतात, कारण चारचौघांत माणूस खरे दुखणे सांगत नाही. दादंभटांना हे सारे पाठ होते. पण साठ माणसे डोळे लावून बसली होती, आणि गुरूच्या रीतीने जायला वेळ घेतला असता तर वैद्यच भ्याला असे त्या साठ जणांना वाटले असते. त्यांनी सरळ सुई काढली. सुभानजीराव त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून ताठ बसले होते. सुई कोपरात गेली, गुडघ्यात गेली. पापणीसुद्धा लवली नाही.

"बधिर आहे," दादंभट म्हणाले होते.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी, घरी सुई पुसताना त्यांना दोन गोष्टी आठवल्या. सदरेवरच्या काळ्या बैठकीवर रावांच्या कोपराखाली पडलेला कोंडा रुपेरी होता, मासळीच्या खवल्यांसारखा. आणि प्रत्येक टोचणीला रावांच्या पायाचा अंगठा आत मुडपत होता. महारोगाच्या चट्ट्याला असा कोंडा नसतो, आणि ज्याला कळत नाही त्याचा अंगठा मुडपत नाही. हे दुखणे हट्टी होते, कुरूप होते, पण ना ते स्पर्शाने पसरणारे होते, ना हातपाय झडवणारे. त्याचे औषध त्यांच्याच फडताळात होते: भाद्रपदात काळ्या कुड्याची पाने खोबरेलात घालून उन्हात ठेवलेले, जांभळे झालेले तेल. फिरंगी काचेची कुपी भरून होते.

ते उठून सदरेवर जायला निघालेही होते. पण दारात अंतोजी भेटला. त्याने वाकून नमस्कार केला, "आज तुम्ही गड वाचवलात," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून दादंभटांना सदरेवर किल्लेदाराच्या उजव्या हाताची बैठक मिळाली. उद्या बोलू, असे त्यांनी स्वतःला सांगितले. त्या उद्याला चार महिने झाले.

आणि त्या चार महिन्यांत सुभानजीरावांच्या पत्नी लाडूबाई गेल्या.

किल्लेदारीणबाई रोज स्वतः धोंड्यावर ताट ठेवायच्या, मागे सरायच्या, आणि राव जेवेपर्यंत रेघेच्या अलीकडे उभ्या राहायच्या. पौषात त्यांना ताप भरला. दादंभटच औषध देत होते. शेवटच्या दुपारी त्यांनी वैद्याचे उपरणे धरले आणि म्हटले, "वैद्यबुवा, एकदा त्यांना माझ्या हाताला हात लावू द्या. मी तर जातेच आहे, मला आता कशाची लागण?" तेव्हा दादंभट एक शब्द बोलले असते तरी पुरे होते. दादंभट म्हणाले, "शास्त्र परवानगी देत नाही, बाईसाहेब." शास्त्र! आपल्या भित्रेपणाला त्यांनी त्या दिवशी हे नाव दिले. चितेचा धूर सुभानजीरावांनी वेताळटोकावरून पाहिला.

"वैद्यबुवा?" सटवाजी म्हणत होता. "आनि अजून एक हाय. अंतोजींनी काल आमाला तोफंची दारू खाली कोठारात न्यायला लावली. मोगलांचा कौल आलाय म्हनत्यात. उद्या सूर्य उगवायला त्येंचा वकील दरवाज्याशी येनार, आनि अंतोजी किल्ल्या देनार. शिबंदीला कळू देऊ नगा म्हनले. पर गडावर तीनशे मानूस हाय, दाना दोन महिने पुरंल. मग का द्यायचा गड?"

कार्तिकातल्या सुईचे मोल दादंभटांना आता कळले. ती सुई अंतोजीने टोचवली होती. हा माणूस हूं की चूं करणार नाही हे ज्याने स्वतःच्या हातांनी धरून अनुभवले होते, त्यानेच ती परीक्षा मागितली होती. आणि दादंभटांनी आपल्या विद्येने तिच्यावर शिक्कामोर्तब केले होते.

ते उठले. फडताळातून जांभळ्या तेलाची कुपी काढली, कोंबड्याचे एक पीस उचलले. सकाळच्या उन्हात सारा गड छावणीकडे पाहत असताना ते वेताळटोकाकडे चालू लागले.

"थांबा, दादंभट," झोपडीच्या दारातून सुभानजीराव ओरडले. दाढी वाढली होती, अंग रोडावले होते, आवाज तोच होता. "रेघ आहे."

दादंभटांनी रेघ ओलांडली.

"राव, डोळे मिटा. मी कुठे स्पर्श करतो ते सांगा."

"हा काय खेळ मांडलात?"

"मिटा. पाया पडतो."

सुभानजीरावांनी डोळे मिटले. दादंभटांनी कोपरावरचा पापुद्रा नखाने खरवडला. रुपेरी कोंडा भुरभुरला आणि खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब उभे राहिले. मग त्यांनी पीस टेकवले.

"उजवं कोपर," राव म्हणाले. "आता जरा खाली. आता डावा गुडघा, आतल्या बाजूला. झालं?"

दादंभटांनी पीस खाली ठेवले. "झालं. राव, तुम्हांला महारोग नाही. कधीच नव्हता. मला त्याच दिवशी कळलं होतं."

सुभानजीरावांनी डोळे उघडले आणि आपल्या कोपरावरचे रक्ताचे थेंब पाहिले.

"सुई टोचली तेव्हा दुखलं नव्हतं?" दादंभटांनी विचारले. उत्तर त्यांना ठाऊक होते, तरीही विचारले.

"दुखलं की," सुभानजीराव म्हणाले. "चांगलंच दुखलं. पण सदर भरलेली होती. मला वाटलं, तुम्ही रक्ताचा रंग पाहता आहात. दुखणं बोलून दाखवायचं असतं, हे मला कोणी सांगितलं? महारोग्याला दुखत नाही हे अंतोजी म्हणाला खरं. पण तुम्ही वैद्य, तुम्ही बधिर म्हणालात. मी म्हटलं, बधिर झालेल्याला एवढंच दुखत असेल."

दादंभटांनी तोंड झाकून घेतले. रडावेसे वाटत होते, पण रडण्याचाही आपल्याला हक्क नाही असे त्यांना वाटले. मग उद्याच्या कौलाची हकीकत त्यांनी सांगितली. लाडूबाईंचे ते शेवटचे बोलणे मात्र ओठांपर्यंत येऊन परत फिरले. एवढे धैर्य त्या दिवशी त्यांच्यापाशी नव्हते.

सगळे ऐकून सुभानजीराव उठले. "उद्या सकाळी मला सदरेवर न्या. माझा हात धरून नेणार असाल तर येतो."

दुसऱ्या दिवशी पूर्व फटफटत असताना सदरेसमोरच्या पटांगणात सटवाजीने गुपचूप उठवलेली शिबंदी गोळा झाली होती, अंतोजी जरीचे पागोटे बांधून किल्ल्यांचा जुडगा हाती घेऊन उभा होता, महादरवाज्याबाहेर मोगलांचा वकील घोड्यावर वाट पाहत होता. आणि त्याच वेळी पश्चिमेच्या वाटेने दादंभट वैद्य सुभानजीरावांचा उघडा, चट्ट्यांनी भरलेला हात आपल्या हातात धरून चालत आले. गर्दी कापसासारखी फाटली. कोणी देवाचे नाव घेतले.

"वैद्यबुवा, हे काय आरंभलंत?" अंतोजी मागे सरत म्हणाला.

दादंभट सदरेच्या पायरीवर चढले, पण आपल्या बैठकीवर बसले नाहीत. "गडकरी हो, कार्तिकात मी खोटा निवाडा दिला. चुकून दिला, आणि चूक कळल्यावर भिऊन गप्प बसलो. त्याची शिक्षा राव देतील ती मला मान्य आहे. पण त्याआधी निवाडा पुन्हा होईल."

"बुवांना भ्रम झाला आहे," अंतोजी मोठ्याने म्हणाला. "रोग्याला शिवले, डोकं फिरलं. दरवाजा उघडा!"

कोणी हलले नाही. सटवाजी गर्दीतून पुढे आला. "उघडू की, सरनौबत. घाई कसली? आदी परीक्षा बघू."

दादंभटांनी आपल्या उपरण्याने रावांचे डोळे बांधले आणि पीस सटवाजीच्या हाती दिले. "मी नाही लावत. संगनमत म्हणतील."

सटवाजीने पीस दंडाला लावले. "दंड," राव म्हणाले. मग घोट्याला. "घोटा." मग सटवाजी थांबला, पीस हवेतच धरून डोळे मिचकावत उभा राहिला.

"सटवाजी, अजून टेकवलं नाहीस तू," सुभानजीराव म्हणाले, आणि पटांगणात हसू फुटले. चार महिन्यांत त्या गडावर कोणी असे हसले नव्हते.

"पिसाचं सोडा!" अंतोजी किंचाळला. "निवाडा सुईनं झाला होता, सुईनंच मोडा. टोचा, वैद्यबुवा! सर्वांनी पाहिलंय, हा हलत नाही!"

दादंभटांनी सुई काढली. ते रावांच्या कानाशी वाकले. "राव, आज दुखलं तर दुखलं म्हणा. तीनशे माणसं ऐकताहेत. माझ्यासाठी नको, गडासाठी म्हणा."

सुभानजीरावांचा जबडा आवळला. ज्याने खांद्यातली सळई मुकाट सोसली, ज्याच्या न कण्हण्याच्या गोष्टी तरणीताठी पोरे एकमेकांना सांगत, त्याला आपल्या शिबंदीसमोर कण्हायचे होते. तोफेच्या तोंडी उभे राहणे त्याला याहून सोपे गेले असते. सुई चट्ट्यात शिरली. क्षणभर काहीच ऐकू आले नाही.

"आई गं!" सुभानजीराव ओरडले. सदरेचा कोपरा न् कोपरा घुमला. "दुखलं! बाबांनो, दुखतंय मला!"

त्या ओरडण्यावर पटांगणात जो जयघोष उठला तो खाली छावणीपर्यंत गेला. अंतोजीच्या हातातून किल्ल्या कोणी घेतल्या ते कळलेही नाही. तो महादरवाज्यातल्या दिंडीकडे पळाला, पण तिथवर पोचला नाही. वकिलाला तटावरून उत्तर मिळाले, की गडाचे किल्लेदार आजारातून उठले आहेत आणि भेटीला तोफा सिद्ध करीत आहेत. त्यानंतर चाळीस दिवस घोणसगड झुंजला, आणि फाल्गुन संपता संपता मोगलांनी राहुट्या गुंडाळल्या.

अंतोजीला गडाखाली कैदेत पाठवले. चुन्याची रेघ सुभानजीरावांनी स्वतः पाण्याने धुऊन काढली, आणि पुढे गडावर कोणाला खरोखर महारोग झाला तरी त्याचे ताट माणसाच्या हातून माणसाच्या हातात जाईल, असा हुकूम केला. दादंभटांना शिक्षा झाली ती अशी: रोज सकाळी, स्वतःच्या हाताने, किल्लेदाराच्या अंगाला तेल लावायचे.

ते रोज लावत. घासायचे नाही, खरवडायचे नाही, नुसते जांभळे तेल मुरवायचे आणि कोवळ्या उन्हात बसवायचे. चैत्रात चट्टे निवळले. "परत येतील," दादंभटांनी आधीच सांगून ठेवले. "थंडीत येतील, चिंतेने येतील. हे दुखणं जातं-येतं, पण माणसाला मारत नाही. मी समूळ घालवतो म्हणालो तर माझ्यावर विश्वास ठेवू नका."

"तुमच्यावर विश्वास ठेवावा की नाही हे मी रोज सकाळी ठरवतो," सुभानजीराव हसून म्हणाले. आणि मग एके दिवशी, वेताळटोकावरच्या त्या धोंड्याशी ऊन खात बसले असताना, हसू न आणता त्यांनी विचारले, "दादंभट, शेवटच्या दिवशी तुम्ही तिच्यापाशी होतात. ती काही म्हणाली?"

दादंभटांचा तेलकट हात रावांच्या कोपरावर थांबला. काही नाही म्हणणे किती सोपे होते. चार महिने त्यांनी तेच केले होते.

"म्हणाल्या," ते बोलले, "एकदा त्यांना माझ्या हाताला हात लावू द्या. मी नाही म्हणालो. मला सगळं ठाऊक असताना नाही म्हणालो."

सुभानजीरावांनी आपला हात हळूच काढून घेतला. धोंड्याकडे पाहत ते कितीतरी वेळ बसून राहिले. ऊन डोक्यावर आले.

"दुखलं, वैद्यबुवा," ते म्हणाले, आणि उठून गेले.

त्या रात्री दादंभटांनी आपले बोचके बांधून ठेवले. सकाळी मात्र पाय सवयीने वेताळटोकाकडेच वळले; हातात कुपी होती, ती कशासाठी घेतली हे त्यांनाच सांगता आले नसते. सुभानजीराव धोंड्याशी बसले होते. त्यांनी वर पाहिले नाही, नमस्काराला उत्तर दिले नाही. तोंड दरीकडे फिरवलेले तसेच ठेवून त्यांनी बाही वर सारली आणि हात पुढे केला.